कचऱ्याचे वाटेकरी

आपल्या भागात वाट्याने शेत करण्याची रीत जुनी आहे. जमीन एकाची, बैल दुसऱ्याचे, अंगमेहनत तिसऱ्याची. बियाणे-खत कोणी किती घालायचे आणि खळ्यावरून कोणी किती न्यायचे, हे पेरणीच्या आधी ठरते. जिथे ते आधी ठरत नाही तिथे खळ्यावर भांडण ठरलेले. शहरातील कचऱ्याविषयी हल्ली जे बोलले आणि लिहिले जाते त्यात 'सर्व घटकांचे सहकार्य' हा शब्दप्रयोग हमखास येतो. ऐकायला तो गोड आहे. परंतु हे घटक कोण, प्रत्येकाने काय घालायचे आणि प्रत्येकाच्या पदरात काय पडायचे, याचा उल्लेख त्या परिपत्रकांत क्वचितच सापडतो. 'घटक' या शब्दापेक्षा आपला 'वाटेकरी' हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात वाटा गृहीत धरलेला आहे.

पुणे शहरात कचऱ्याचे वाटेकरी कसे ठरले, किती भांडणांनंतर ठरले आणि ते ठरल्यावरही काय अडले, हे या लेखात सांगायचे आहे. खर्ड्याच्या माणसाला पुण्याच्या कचऱ्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे दोन प्रकारचे आहे. पुण्याचा कचरा ज्या हातांनी वेचला त्यांतले पुष्कळ हात आपल्यासारख्याच दुष्काळी पट्ट्यातून तिकडे गेले, ही पहिली गोष्ट. आणि तो कचरा जिथे नेऊन टाकला ती गावेही कधी काळी आपल्यासारखीच शेतीची गावे होती, ही दुसरी.

प्रथम आपल्या उकिरड्यापासून सुरुवात करू. खेड्यातला जुना उकिरडा म्हणजे कचऱ्याचे ठिकाण नव्हे, ते खताचे कोठार होते. शेण, राख, भाजीची देठे, वैरणीची गळाटी असे जे जे त्यात पडे ते सारे कुजणारे होते. वर्षातून एकदा गाड्या भरून ते रानात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात असे आपण म्हणतो. खरे पाहता त्याचे पांग दर उन्हाळ्यात फिटत होते. मोडका पत्रा, फुटकी घागर, जुनी लुगडी यांना भंगारवाला आणि बोहारीण असे गिऱ्हाईक घरापर्यंत येई. टाकून द्यावे असे घरात फारसे उरतच नसे.

तथापि या जुन्या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. उकिरडा घरचा होता, पण मेलेले जनावर ओढणे, गावची घाण काढणे, वेस झाडणे ही कामे ठराविक जातींच्या माथी मारलेली होती. त्या कामाला नकार देण्याची मुभा नव्हती आणि मोबदला म्हणून हाती पडे ते बहुधा शिळेपाके. त्याला सहकार्य म्हणणे ही त्या माणसांची थट्टा होईल. ही आठवण येथे मुद्दाम दिली आहे, कारण शहरात गेल्यावर गावची वेस मागे राहिली तरी हे काम करणारे हात पुष्कळसे तेच राहिले.

आता शहराकडे वळू. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला, म्हणजे स्वयंपाकघरातला असतो. तो हवेशीर जागी वेगळा कुजू दिला तर काही आठवड्यांत त्याचे खत होते. तोच प्लास्टिक, काच, कापड, औषधांच्या बाटल्या यांच्यासह एका ढिगात दाबला की आतली हवा संपते. हवेवाचून जगणारे जीवाणू मग कामाला लागतात आणि मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. कचऱ्याच्या डोंगरांना लागणाऱ्या आगी दिवसेंदिवस विझत नाहीत त्याचे मोठे कारण हेच. वरून पाऊस पडला की ढिगाच्या तळातून काळे, आंबूस पाणी झिरपते आणि ते जवळच्या विहिरींत उतरते. एकत्र केलेला कचरा अशा रीतीने दोन्ही बाजूंनी नासतो. ओल्याचे खत होत नाही आणि भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारात भाव येत नाही. कचऱ्याचा सारा प्रश्न घरच्या ओट्यापाशी, तो वेगळा होतो की एकत्र होतो या एका क्षणी ठरतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पुण्याचा कचरा १९८० च्या दशकापासून शहराबाहेर उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडू लागला. काही वर्षांत तिथे डोंगर उभा राहिला, विहिरींचे पाणी पिण्याजोगे उरले नाही, माश्या आणि दुर्गंधी यांनी घरे भरली. गावकऱ्यांनी वारंवार गाड्या अडवल्या, आश्वासने घेतली, पुन्हा अडवल्या. २०१७ च्या एप्रिल महिन्यात डेपोला आग लागली तेव्हा त्यांनी सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा आत येऊ दिला नाही. पुण्याच्या रस्त्यांवर ढीग साचले आणि प्रश्न मुख्यमंत्र्यांपर्यंत गेला. शहराच्या कचऱ्यात फुरसुंगीचा शेतकरी हाही एक वाटेकरी आहे, ही गोष्ट शहराला गाड्या अडल्याशिवाय कळली नाही. त्याच्या वाट्याला फक्त तोटा लिहिलेला होता.

याच कचऱ्यावर दुसरीकडे हजारो बायका पोट भरीत होत्या. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाडा, सोलापूर, नगर या कोरडवाहू भागांतून अनेक कुटुंबे पुण्यात आली. त्यांतली बहुसंख्य दलित समाजांतली. शेत नाही, शिक्षण नाही, ओळख नाही. बाईमाणसाला भांडवलावाचून करता येईल असे काम एकच होते. पाठीवर गोणी टाकायची आणि कचराकुंडी गाठायची. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचायचे आणि संध्याकाळी भंगारच्या दुकानात वजनावर विकायचे. वजनात मारले जाई, भाव दुकानदार सांगेल तो, पोलीस चोरीच्या संशयावरून हटकीत, कुत्री मागे लागत. कुंडीत हात घातला की कधी काच लागे, कधी दवाखान्यातली सुई.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या या बायकांपर्यंत पोहोचल्या. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने ही त्यांतली ठळक नावे. गेल्या होत्या अक्षरओळख द्यायला. पण बायकांची पहिली गरज वेगळी निघाली. कुंडीत हात घालण्याऐवजी दारात वेगळा केलेला कोरडा कचरा मिळाला तर मेहनत निम्मी आणि भाव अधिक, हे गणित त्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. काही सोसायट्यांत तसा प्रयोग झाला. तो जमतो असे दिसताच एका खासगी व्यावसायिकाने गाडी आणून तेच काम आपल्याकडे घेण्याचा प्रयत्न केला. कुंडीत पडलेल्या वस्तूवर हक्क कुणाचा, हा प्रश्न तेव्हा प्रथम उघडपणे विचारला गेला. टाकणाऱ्याचा, नगरपालिकेचा की वर्षानुवर्षे वेचणाऱ्याचा?

त्यातून संघटनेची निकड पटली. हमाल पंचायतीचा मोठा अनुभव गाठीशी असलेले डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाने मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. नावातच मालाची यादी आहे, हे मला फार आवडते. विदुषींनी नाव ठेवले असते तर ते बहुधा लांबलचक आणि निरर्थक झाले असते.

पंचायतीने पहिली मागणी पैशाची केली नाही. तिने ओळखपत्र मागितले. १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. शहरी वाचकाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पोलिसाने हटकल्यावर पदराच्या गाठीतून काढून दाखवण्याजोगे काहीतरी जवळ असणे म्हणजे काय, हे ज्याला कधी हटकले गेले आहे त्यालाच समजेल. २००१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या एका अभ्यासात या कामाचा हिशेब मांडला गेला. वेचक जेवढा माल कचऱ्यातून बाहेर काढतात तेवढा वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो, म्हणजे या बायका शहरासाठी रोज फुकट राबत आहेत, हे आकड्यांनी सिद्ध झाले. तोपर्यंत त्या महापालिकेकडे दया मागत आहेत असे चित्र होते. आता त्या येणे मागू लागल्या. काही काळातच महापालिकेने त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरण्यास सुरुवात केली.

इसवी सन २००० च्या घनकचरा नियमांनी घरोघर कचरा गोळा करणे ही नगरपालिकांची जबाबदारी ठरवली होती. शहरापुढे दोन वाटा होत्या. मोठ्या ठेकेदाराला गाड्यांचा ठेका द्यायचा, किंवा जे आधीच हे काम करीत होते त्यांनाच नीट कामाला लावायचे. पंचायतीने दुसरी वाट धरली. प्राथमिक प्रयोगानंतर कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली पुणे महापालिकेबरोबर तिचा लेखी करार झाला. साखर कारखाने आणि दूधसंघ यांच्या आपल्या जिल्ह्याला सहकार नवा नाही. परंतु ज्या सहकारात सभासदाकडे उसाचा एक कांडका किंवा एक म्हैसही नाही, ज्याचे भांडवल केवळ वेचण्याचे कसब आहे, तो सहकार निराळाच म्हणावा लागेल.

या करारातले वाटे कसे पडले ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण लेखाचा गाभा तोच आहे. घरमालकाने दोन गोष्टी घालायच्या: ओला आणि सुका कचरा वेगळा देणे आणि दरमहा थोडे सेवाशुल्क. वेचकांच्या जोडीकडे साधारण दोन-तीनशे घरे. त्यांनी रोज दारातून कचरा घ्यायचा, सुका हाताने निवडायचा, ओला आणि निरुपयोगी कचरा महापालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचवायचा. विकण्याजोगा सुका माल त्यांचा. महापालिकेने ढकलगाड्या, हातमोजे, निवडण्यासाठी शेड आणि व्यवस्थापनाचा काही खर्च द्यायचा. झोपडपट्टीत शुल्क कमी येते म्हणून तिथे अनुदानही. त्यांच्या बदल्यात शहराला शेकडो गाड्यांचा आणि पगारी माणसांचा खर्च वाचला. भंगारवाल्याला स्वच्छ माल मिळू लागला आणि कागद-प्लास्टिकच्या कारखान्यांनाही. प्रत्येकाने काहीतरी घातले आहे आणि प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडले आहे, असा हा हिशेब होता. बाईच्या कमाईचे दोन झरे झाले, शुल्काचा आणि भंगाराचा. भंगाराचा भाव पडला तरी चूल विझत नाही. पुढे सभासदांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली आणि लाखो घरे या सेवेत आली.

हे सारे सुरळीत चालले असे मात्र समजू नये. शुल्क देण्यात टाळाटाळ करणारे घर बंगल्यातही असते आणि चाळीतही. "आम्ही घरपट्टी भरतो, मग वेगळे पैसे कशाला?" हा प्रश्न पुण्यात फार वेळा विचारला गेला. त्यात तथ्यही नाही असे नाही, पण त्याचे उत्तर महापालिकेने द्यायला हवे होते. ते दारात उभ्या असलेल्या बाईच्या माथी मारले गेले. ओल्या कचऱ्यासाठी शहरात ठिकठिकाणी उभारलेले बायोगॅस प्रकल्प क्षमतेपेक्षा बरेच कमी चालत असल्याच्या बातम्याही वारंवार आल्या. करार ठराविक वर्षांचा असल्याने दर मुदतीनंतर बायकांचा जीव टांगणीला. डिसेंबर २०२० मध्ये मुदत संपली तेव्हा हे काम खासगी ठेकेदाराकडे द्यावे, असा सूर महापालिकेत निघाला. पुन्हा मोर्चे, निवेदने, नागरिकांच्या सह्या झाल्या आणि मुदतवाढी मिळत गेल्या. टाळेबंदीच्या महिन्यांत शहर घरात बसले असताना ज्या दारोदार फिरल्या त्यांना असे वागवले जावे, हे पुण्याला शोभले नाही.

एका वाटेकऱ्याचा उल्लेख अजून राहिला, आणि तो म्हणजे वस्तू बनवणारा कारखानदार. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी निवडावे लागणे ही वेचक बायकांची सर्वांत मोठी तक्रार होती. वर्षानुवर्षे कंपन्यांना पत्रे लिहूनही दाद लागेना तेव्हा २०१३ साली 'स्वच्छ'च्या सभासदांनी वापरलेल्या पॅडचा साठा पोत्यांत भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवला. तुमचा माल, तुम्हीच सांभाळा! या प्रकाराने कित्येकांना किळस आली. ती किळस या बायका रोज सोसतात, हेच तर दाखवायचे होते. २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा उत्पादकांवर विल्हेवाटीची जबाबदारी आली आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. घरच्या बाईने पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करावा, म्हणजे निवडणारीला उघडून पाहावे लागणार नाही, अशी एक मोहीमही पुण्यात चालली. लाल ठिपक्याला खर्च काहीच नाही. तरी तो सर्व घरांतून होत नाही.

एकत्र येण्याची गोष्ट निघाली की खर्ड्याच्या माणसाला १७९५ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सारे याच मुलखात निजामाविरुद्ध एकत्र उभे राहिले आणि जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि वारसाच्या भांडणात ती जूट विस्कटली. मराठे सरदार असे पुन्हा कधी एका जागी आले नाहीत. लढाईपुरती जूट करणे आणि दर सकाळी सहा वाजता जूट टिकवणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामस्वच्छतेचे आपले पुष्कळसे कार्यक्रम पहिल्या प्रकारात मोडतात. संत गाडगेबाबांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या अभियानात महाराष्ट्रातली हजारो गावे हिरिरीने उतरली, गल्ल्या लख्ख झाल्या, बक्षिसे मिळाली. खुद्द गाडगेबाबा झाडू हातात घेत ते मात्र पाहणी समिती यायची म्हणून नव्हे.

पुणे फार मोठे, त्याचा धडा लहान गावाला कसा लागू पडणार, ही शंका रास्त आहे. म्हणून वेंगुर्ल्याकडे पाहावे. सिंधुदुर्गातले हे गाव बारा हजारांच्या आसपास वस्तीचे. २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत तिथल्या नगरपरिषदेने एकच नियम कसोशीने पाळला, वेगळा केलेला नसेल तर कचरा घ्यायचाच नाही. ओल्यापासून खत आणि बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात, आणि जिथे पूर्वी ढीग होता तिथे बाग. लोक तो कचरा डेपो पाहायला तिकीट काढून सहलीला जाऊ लागले. गाव लहान असणे ही इथे सोयच ठरली, कारण कोणाच्या घरून मिसळलेला कचरा आला हे सर्वांना माहीत असते. तरीही माझ्या मते एका उत्साही अधिकाऱ्यावर उभी असलेली व्यवस्था त्याच्या बदलीबरोबर डळमळण्याचा धोका असतोच. पुण्याच्या बायका बदलून जात नाहीत.

आता आपल्याकडचे वाटेकरी मोजून पाहू. खर्डा हे बाजारपेठेचे गाव. आठवडे बाजाराच्या संध्याकाळी जे उरते त्यात भाजीपाला सर्वांत जास्त. त्याचे निम्मे जनावरांच्या पोटात जाऊ शकते आणि उरलेल्याचे खत. हॉटेले आणि चहाच्या टपऱ्या यांचे कागदी पेले मात्र ना धड कागद ना धड प्लास्टिक. आतून पातळ अस्तर असल्याने ते कुजतही नाहीत आणि विकलेही जात नाहीत. किराणा आणि कापडदुकाने, दवाखाने, किल्ला पाहायला येणारे लोक, शाळा. शेतीचा कचरा तर शहरवाल्यांच्या यादीत कधीच नसतो: मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या, औषधांच्या बाटल्या, खतांच्या गोण्या. यांतल्या नळ्यांना आणि गोण्यांना भंगारवाला आजही भाव देतो, मल्चिंगच्या मातकट कागदाला देत नाही, म्हणून तो बांधावर जळतो आणि त्याचा धूर आपल्याच घरात येतो. राज्याने २०१८ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, २०२२ मध्ये देशभर एकदाच वापरायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. बाजारात पिशवी मिळते ती मिळतेच. ग्रामपंचायतीकडे पैसा नाही हे पूर्वीचे उत्तरही पूर्ण खरे उरले नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवण्याची अट घातली, त्यातून गावोगाव घंटागाड्या आल्या.

गाडी आली की गाव स्वच्छ झाले असे आपण मानतो. गाडी कचरा फक्त हलवते. ती भरून जाते कुठे, गायरानात की ओढ्याकाठी, आणि तिथल्या विहिरीचे पाणी कोण पिते, हे ज्या गावात विचारले जात नाही त्या गावाची स्वतःची एक छोटी फुरसुंगी तयार होत असते. तेव्हा पहिली बैठक गाडीच्या खरेदीची घेण्याऐवजी वाट्यांची घ्यावी, असे मला सुचवावेसे वाटते. तीत सरपंच आणि ग्रामसेवक असतीलच. बाजारकर, हॉटेलवाले, भंगारवाला, गावचे सफाई कामगार, आणि ऊसतोडीहून परतलेल्या, हंगाम संपल्यावर हाताला काम नसलेल्या बायका यांनाही खुर्ची द्यावी; उभे ठेवू नये. शेजारच्या जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित खेडूत बायकांकडून जे आरोग्याचे काम करवून घेतले ते पाहायला परदेशांतून लोक आले, तेव्हा या बायकांना हे जमेल का, ही शंका निदान आपल्या तालुक्यात तरी कोणी काढू नये.

त्या बैठकीत ठरवायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्या कागदावर उतरवाव्यात. मिसळलेला कचरा परत दारात ठेवायचा की नाही. बाजारकर आणि हॉटेलवाले महिन्याला किती देणार. ओल्या कचऱ्याचे खत कोणाच्या शेतात आणि काय भावाने. सुक्या मालासाठी एक पत्र्याची शेड लागेल, कारण पावसात भिजलेला पुठ्ठा निम्म्या किमतीलाही जात नाही. शेडमधला विकण्याजोगा माल निवडणाऱ्या बायकांचा, हे ठरावात लिहावे. आणि शेडच्या कुलपाची किल्ली कोणाकडे राहणार, हेही त्याच दिवशी लिहावे, कारण ती ग्रामपंचायतीच्या टेबलाच्या खणात राहिली तर साहेब येईपर्यंत बायका बाहेर उन्हात बसून राहतील आणि चार दिवसांत कामाला येणे सोडतील.